भगवंतराव हवालदार यांनी बोराटीचे वळण राखिले त्याची हकीकत

श्री गजाननास नमन. वाटेचे कडेस शेंदूर लावोन बसलेल्या म्हसोबास नमन. आणि ज्या घरी संध्याकाळी कोणी दाराशी उभे राहोन रस्त्याकडे पाहते त्या घरासही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी जे वर्तमान जाहले ते, आणि त्याचे आधी अडीच वर्षे जे घडत आले ते, आदिअंतासह येथे लिहिले असे. राज्य कोणते आणि राजा कोण हे पुसू नये. रस्ता होता, रस्त्यास वळण होते, वळणावर एक हवालदार होते, इतके पुरे.

त्या राज्यात पूर्वी घोडे होते. घोडे गेले आणि मोटारसायकली आल्या. घोड्यास दम लागे, मग तो थांबे, पाणी पिई, आणि तितक्या वेळात वर बसणाराचीही अक्कल ठिकाणावर येई. मोटारसायकलीस दम लागेना, मग अक्कल कोठून यावी? सारी प्रजा वाऱ्यावर स्वार जाहली. कोणास कोठे जावयाचे ते नीट ठाऊक नसे, परंतु उशीर जाहला आहे हे प्रत्येकास पक्के ठाऊक असे. दूधवाले पळत, लग्नास जाणारे पळत, लग्न उरकोन येणारेही पळत, आणि पुसले असता सारे एकच सांगत, की जरा काम होतं. मग राज्याने वाटांचे एक खाते उभे केले, त्यावर साहेब नेमिले, साहेबांचे हाताखाली हवालदार आणि शिपाई दिले, त्यांस पांढरे शर्ट आणि खाकी पँटी दिल्या, शिट्टी दिली, आणि डोळ्यास लाविली असता दूरचा स्वार किती वेगे येतो तो आकडा सांगणारी एक दुर्बीण दिली. प्रजेने त्या समस्तांस मामा म्हणावे ऐसी चाल पडली. दंड करणारास आईच्या भावाचे नाते देणारी प्रजा दुसऱ्या कोण्या मुलखी असेल तर असो, या लिहिणारास ठाऊक नाही.

त्या राज्याचे एका अंगास खिंड होती. खिंडीपासोन रस्ता उतरे तो सरळ दीड कोस, आणि उताराचे शेवटी एकाएकी डावीकडे मुरडे. त्या जागेस बोराटीचे वळण म्हणत. बोराटी, म्हणजे बोरीची काटेरी झुडपे, केव्हाच तुटली होती, नाव तेवढे राहिले होते. मुरडीवर उसाचा फड आडवा, आणि फडाआडून वस्तीची वाट येऊन मिळे. वस्तीवरून शाळेचे पोर निघो, म्हैस निघो, ट्रॅक्टर निघो, वरून येणारास दिसे तो अगदी नाकासमोर आल्यावर. उतार पाहोन स्वाराचे मनगट आपोआप पिळे आणि मग वळण त्यास सोडीत नसे. एका सालात त्या वळणाने चार माणसे नेली.

त्या समयी भगवंतराव काशीद हवालदार ठाण्यात होते. बांधा सडपातळ, मिशा पिकलेल्या, बोलणे मोजके. बहीण नव्हती, म्हणोन भाचाही नव्हता, आणि सारे राज्य मामा म्हणे तेव्हा ते मनातल्या मनात थोडे सुखावत. ठाण्यात कामे बहुत, त्यांत एक काम कोणी घेईना. अपघातात माणूस गेले तर त्याचे घरी जाऊन सांगावयाचे. कोणी म्हणे पोट दुखते, कोणी म्हणे घरी पूजा आहे, आणि हवालदारांस नाही म्हणता येत नसे, म्हणोन ते काम त्यांचेच गळ्यात पडले. बोराटीचे तीन निरोप त्यांनी पोहोचविले. चौथा निरोप पोहोचविण्यास ते एका हाती गेलेल्याचे हेल्मेट आणि एका हाती त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेले, आणि वस्तू बाहेर गाडीवर ठेवोन आत शिरले, तो घरची माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बसा की सायब. च्या टाकलाय. पोरगं ईलच आता, निघालो म्हणून फोन आलाय त्येचा." आणि तिने कपबशी हाती दिली. हवालदारांनी चहा घेतला. चहात साखर फार जाहली होती. पुरता चहा संपविला आणि मग सांगितले. तिने शिव्या दिल्या नाहीत, ऊर बडविला नाही, तिने कपबशी उचलली, मोरीत नेऊन ठेविली, आणि मग तेथेच खाली बसली. त्या दिवसापासोन हवालदारांनी परक्या घरी चहा घेतला नाही.

दुसरे दिवशी सकाळी ते त्या वेळचे साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, मला बोराटीचं वळण द्या." साहेबांस नवल वाटले. सारे खाते चौक मागे, जेथे सावली, उपाहारगृह, बसावयास खुर्ची. साहेब म्हणाले, "अहो भगवंतराव, तिथं काय हाय? ऊन हाय नि धूळ हाय." हवालदार म्हणाले, "ते चालंल. निरोप नको, तेवढं बघा." साहेब जाणते होते, त्यांनी पुढे काही पुसले नाही आणि कागदावर सही केली. पूर्वील हवालदारांस किल्ले मिळत, तट, बुरूज, दारूगोळा मिळे. या हवालदारांस एक वळण मिळाले, आणि वळणाचे अलीकडे गजराबाईची रसवंती, आणि रसवंतीपाशी करंजाचे एक झाड. तेवढ्यावर त्यांनी किल्ला लढविण्याचा मनसुबा केला.

आता त्यांची रीत सांगतो. करंजाखाली उभे राहावे, दुर्बीण लावावी, आकडा साठावर गेला की हात आडवा करावा. स्वार थांबे आणि खिशास हात घाली, कारण दंड भरोन सुटावे हे प्रजेस पाठ होते. हवालदार दंड कायद्याप्रमाणे करीतच, त्यात एक पै सोडीत नसत, परंतु त्याउपरी म्हणत, "आता घरी फोन लाव." स्वार गोंधळे. हवालदार म्हणत, "निघालो म्हणून सगळेच सांगत्यात. किती जोरात निघालो हे कुणी सांगत न्हाई. तेवढं सांग, नि च्या कधी टाकायचा ते सांग." आणि फोनचा आवाज मोठा करावयास लावोन ते शेजारी उभे राहात. हा दंड कोण्या कायद्यात लिहिला नव्हता, परंतु कायद्यातल्या दंडाहून भारी पडू लागला. पैशाचा दंड कोणास न कळता भरता येई, घरचे माणसापुढे आकडा सांगणे मात्र मरणप्राय. कैक धटिंगण, मिशीस पीळ देणारे, आईचा आवाज फोनवर येताच आवाज बसल्यासारखे बोलू लागले.

ऐसे करिता एके दिवशी फत्तेसिंग डुबल सापडला. हा लग्नाचे बँडात कर्णा वाजविणारा, ज्यास हल्ली ट्रम्पेट म्हणतात. सुपारी एका गावी सकाळची, दुसऱ्या गावी दुपारची, आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. पाठीस कर्णा बांधोन, बँडाचा पांढरा शर्ट सोनेरी झालरीचा घालोन, तो उतारावरून आला तो दुर्बिणीत अठ्ठ्याऐंशी दिसले. हवालदारांनी हात आडवा केला. फत्तेसिंग गयावया करू लागला. "मामा, नवरदेव पारावर येऊन बसलाय. वाजवायला मीच न्हाई. सोडा की." हवालदार म्हणाले, "नवरदेवाला बसू दे. त्येला जन्मभर वाट बघायची सवय लागंल. फोन लाव." मग त्याने फोन लाविला आणि बायकोस म्हणाला, "राजश्री, आगं मामांनी धरलंय." पलीकडून आवाज आला, "किती होता?" फत्तेसिंग खाली पाहोन म्हणाला, "साठ असंल." हवालदार शांतपणे बोलिले, "अठ्ठ्याऐंशी." मग राजश्री म्हणाली, "या घरी. मग बघते." आणि थांबोन म्हणाली, "मामा, तुमी रोज धरत जावा त्यास्नी." फत्तेसिंग तेथून निघाला तो चाळिसाचे वर गेला नाही, आणि त्या लग्नात कर्णा फार रडवेला वाजला ऐसे वऱ्हाडी सांगत.

घरी काय जाहले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही. परंतु फत्तेसिंगाने मनात ठरविले की पुन्हा या मामाचे हाती सापडावयाचे नाही, आणि आपल्या माणसांसही सापडू द्यावयाचे नाही. मग त्याने एक खूण काढली. वळणापासोन निघालेल्या स्वाराने समोरून येणारास दोन वेळा दिवा मिचकवावा आणि पंजाने आपले डोके दोन वेळा थोपटावे. अर्थ हा की मामा पुढे उभे आहेत, हात सैल सोड. बँडवाल्यांनी ती दूधवाल्यांस शिकविली, दूधवाल्यांनी डेअरीवर शिकविली, कॉलेजची पोरे तर न शिकविता शिकली. हेल्मेटवाले हेल्मेट थोपटीत, बिनहेल्मेटवाले टाळू थोपटीत. आणि ज्याने खूण घेतली त्याने वळण ओलांडिल्यावर पुढल्यास द्यावी, चुकवू नये, ऐसा दंडक पडला. एकमेकांस न ओळखणारे, एरवी ओव्हरटेक करिताना एकमेकांचा उद्धार करणारे, त्या दीड कोसात भाऊबंदांहून सख्खे जाहले.

हवालदारांस हे काहीच ठाऊक नव्हते. त्यांचे दृष्टीस इतकेच पडे की स्वार हळूहळू साठावरून पन्नासावर आले, पन्नासावरून चाळिसावर आले, आणि दुर्बिणीत पाहावयासारखे काही उरले नाही. त्यांस वाटले, आपला दरारा बसला. मिशीवरून हात फिरवोन ते शेवंताबाईस, म्हणजे आपल्या कुटुंबास, सांगत, की लोक सुधारले. शेवंताबाई भाकरी थापीत म्हणत, "लोक कशाला सुधारत्यात? काय तरी दुसरं असंल." बायकांस अशा गोष्टी आधी कळतात.

पुढे चैत्र मासी ऊन तापले असता हवालदार रसाचा पेला घेत होते, तो पेला हातून निसटला आणि रस सगळा शर्टावर सांडला. गजराबाई म्हणाली, "काढा तो शर्ट, धुऊन देते. ह्या उन्हात घडीत वाळंल." तिने शर्ट खळबळला आणि करंजाचे फांदीस काठी लावोन, काठी बाह्यांत घालोन, वाळत टाकिला. हवालदार बनियनवर रसवंतीचे कनातीआड घुंगरांचे आवाजात बसले. थोड्या वेळाने त्यांनी फटीतून पाहिले तो नवल. वरून स्वार येतो तो हळू येतो. करंजाकडे पाहतो, मान लववितो, वळण ओलांडितो, आणि समोरून येणारास दोनदा दिवा मिचकवोन डोके थोपटितो. तो पुढल्यास थोपटितो. फत्तेसिंग आला, त्याने झाडाकडे पाहोन "राम राम मामा" म्हटले, वाऱ्याने शर्टाची एक बाही हलली, आणि तो समाधान पावोन गेला. दोन घटका शर्टाने रस्ता राखिला. गजराबाई तोंडास पदर लावोन हसत म्हणाली, "भगवंतराव, तुमच्यापरीस तुमचा शर्ट भारी काम करतोय."

हवालदारही हसले. आणि हसता हसता त्यांस सगळे कळो आले, डोके थोपटणे का, चाळीस का, दुर्बीण उपाशी का. क्षणभर मन खट्टू जाहले, कारण दरारा गेला तो गेलाच. परंतु मग ते बोटांवर मोजू लागले. मागला शिमगा, त्याचे आधीची दिवाळी, त्याचे आधीचा शिमगा. दोन वर्षे आणि वर काही महिने. इतक्या दिवसांत बोराटीचा एकही निरोप निघाला नव्हता. ज्यांस ते धरीत होते तेच त्यांना चुकवावे म्हणोन एकमेकांस सावध करीत होते, आणि सावध करिता करिता एकमेकांस घरी पोहोचवीत होते. इतके मनात येताच त्यांचे डोळे भरोन आले आणि त्यांनी रसवंतीचे फडके उचलोन तोंड पुसले. गजराबाई म्हणाली, "काय झालं?" ते म्हणाले, "घाम." कोणा एकास धन्यवाद द्यावा तर तो एक कोण? सारा रस्ताच धनी. मग त्यांनी असा निश्चय केला की आपणास काही कळले आहे हे कोणास कळू द्यावयाचे नाही. आणि दुसरे दिवसापासोन ते झाडाआड न राहता रस्त्याचे कडेस उघड उभे राहू लागले, म्हणजे खूण दुरून घेता यावी. आडून मदत करणारास आडून मदत करावी, ही त्यांची समजूत.

परंतु चांगले चालले ते कागदावर चांगले दिसतेच ऐसे नाही. जुने साहेब निवृत्त जाहले आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, कामसू होता, आणि कामसू माणसांचा आकड्यांवर भरवसा फार. त्यांनी दफ्तर उघडिले तो इतर ठिकाणी महिन्यास पाचशे स्वार धरिलेले, आणि बोराटीस एकही नाही. साहेबांची मर्जी खपा जाहली. वैशाख वद्य पक्षी ते स्वतः साध्या मोटारीतून, साधे कपडे करोन, न सांगता निघाले, तो उतारावर समोरून स्वारावर स्वार येत आणि दिवा मिचकवोन डोके थोपटीत. साहेबांनी चालकास पुसले, "हे सगळे डोकी का थोपटतात?" चालक त्याच मुलखाचा, त्याचे तोंडून निघोन गेले, "पुढं मामा हाय म्हणत्यात, साहेब." साहेब करंजाखाली येऊन उतरले, दुर्बीण घेतली, दोन तास उभे राहिले, आणि अडतिसाचे वर आकडा गेला नाही. तेव्हा ते हवालदारांस म्हणाले, "काशीद, हे लोक तुमच्या डोळ्यांसमोर कायद्याला चुकवतात आणि तुम्ही बघत बसता. तुम्ही त्यांना सामील आहात." हवालदार म्हणाले, "सामील न्हाई साहेब. पण आडवाबी येत न्हाई." साहेब म्हणाले, "जिथं कुणी सापडत नाही तिथं माणूस ठेवायचा कशाला? उद्यापासून चौकात या." हवालदारांनी हात जोडिले आणि म्हणाले, "मी येतो. पण हितं कुणीतरी असू द्या. मी न्हाई म्हटल्यावर आठ दिवसांत रस्त्याला कळंल, नि हे वळण पुन्हा माणसं न्यायला लागंल. साहेब, ते निरोप मी पोचवलेत." साहेबांनी एकवार उसाचे फडाकडे पाहिले. परंतु माणसे कमी होती, चौक मोठा होता, आणि हुकूम तोंडातून निघाला होता. ताप उतरला म्हणोन वैद्यास घरी पाठवावे, तैसे जाहले.

हवालदारांनी दुर्बीण परत केली आणि चौकात उभे राहिले. तेथे सावली होती, खुर्ची होती, आणि त्यांस दोन्ही नकोशी जाहली. शेवंताबाईंनी पोळीवर तूप वाढिले तरी जेवण जाईना. कोणी स्वार जोरात गेला की त्यांचे मन दीड कोस पुढे जाई. ऐसे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी, पाळी संपोन ते साधा शर्ट घालीत होते, तो खिंडीकडून आलेला एक टेंपोवाला चौकात म्हणाला, "बोराटीच्या वळणावर गाडी आडवी झालीय." कोणाची, कोण लागले, हे सांगण्याआधीच सिग्नल सुटला आणि तो गेला. हवालदारांनी हेल्मेट चढविले, आपली जुनी मोटारसायकल काढिली, आणि जन्मात हाकली नव्हती तैसी हाकली. डोळ्यांपुढे एक हेल्मेट, एक डबा आणि मोरीत ठेविलेली कपबशी. खिंड ओलांडिली, उतार लागला, मनगट आपोआप पिळले गेले, आणि काटा ब्याऐंशीवर गेला हे त्यांस कळलेही नाही. ज्याने साऱ्या मुलखास हात आडवा केला त्यास हात आडवा करणारा वाटेवर कोणी नव्हता.

इतक्यात समोरून एक स्वार आला. पाठीस कर्णा बांधलेला. त्याने हेल्मेटातल्या माणसास ओळखिले नाही. त्याने दोन वेळा दिवा मिचकविला आणि पंजाने आपले डोके दोन वेळा थोपटिले, मामा पुढे आहेत. आता मामा तर येथे, या गाडीवर, ब्याऐंशीने चालले आहेत, मग पुढे कोण? परंतु इतका विचार होण्यास वेळ कोठे होता? अडीच वर्षांत त्या रस्त्यावर खूण पाहोन हात सैल सोडणे इतके मुरले होते की हवालदारांचा हातही आपोआप सैल जाहला. सत्तर, साठ, चाळीस. आणि वळण मुरडोन पाहतात तो कडब्याने भरलेली ट्रॉली रस्त्यावर आडवी पडली आहे, अगदी हाताचे अंतरावर. ट्रॅक्टरवाला धड होता, कोणास खरचटले नव्हते, आणि गजराबाई व वस्तीवरली माणसे कडब्याच्या पेंढ्या उचलोन कडेस टाकीत होती. हवालदारांनी ब्रेक लाविला. चाक एका पेंढीवर चढले आणि थांबले. ते खाली उतरले.

मग त्यांनी करंजाकडे पाहिले. फांदीस काठी होती, आणि काठीत पांढरा शर्ट होता. जवळ जाऊन पाहिले तो खात्याचा नव्हे. खिशावर सोनेरी झालर उसवल्याच्या टाक्यांची ओळ होती. हवालदार म्हणाले, "गजराबाई, हे काय?" गजराबाई पेंढी टाकोन आली आणि म्हणाली, "फत्त्याची बायको घेऊन आलीती. झालर तिनंच उसवली. म्हणाली, मामा न्हाईत तर शर्ट तरी ऱ्हाऊ दे." हवालदारांनी पुसले, "म्हंजे ह्यांना ठाऊक हाय, मी न्हाई ते?" गजराबाई म्हणाली, "दुसऱ्याच दिशी कळलं की सगळ्यास्नी. एक पोरगं सुसाट आलं नि म्हशीला घासून गेलं. म्हैस वाचली, त्येबी वाचलं. तवा फत्त्या हितं रस पीत बसलेला. तो म्हणाला, मामा गेलं म्हणून वळण गेलं का? डोकं थोपटायचं ते थोपटायचंच. तवापासनं रोज थोपटत्यात. शर्ट हाय हे म्हायती असून थोपटत्यात."

हवालदार करंजाखाली आपल्या जुन्या जागी उभे राहिले. वरून एक दूधवाला आला, हळू आला, शर्टाकडे पाहोन मान लवविली, शेजारी साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या खऱ्या मामांकडे त्याने पाहिलेही नाही, आणि ट्रॉलीस वळसा घालोन गेला. हवालदारांनी त्याचे पाठीकडे पाहोन हात कपाळास लाविला. मग त्यापुढल्यास लाविला. कृतज्ञता फार जाहली असता माणसास कोठे ठेवावी ते सुचत नाही, तैसे त्यांचे जाहले होते. दहा बारा स्वारांस नमस्कार करोन जाहल्यावर त्यांनी खिशातून फोन काढिला, घरी लाविला, आणि जी शिक्षा साऱ्या मुलखास दिली ती आपणास दिली. आवाजही मोठा केला. म्हणाले, "शेवंता, मी बोराटीत हाय. अर्ध्या तासानं च्या टाक." शेवंताबाईंस तो आवाज ओळखीचा वाटला नाही. त्या म्हणाल्या, "काय झालं? किती होता?" गजराबाई कान देऊन उभी होती. हवालदार खाली पाहोन म्हणाले, "ब्याऐंशी." मग शेवंताबाई म्हणाल्या, "या घरी. मग बघते."

येणेप्रमाणे बोराटीचे वळणाची हकीकत. साहेबांचे दफ्तरात त्या वळणापुढे अद्यापि पूज्य, म्हणजे शून्य, लिहिले जाते, आणि ठाण्यात निरोपाचे कामास त्या दिशेने कोणी निघत नाही. शर्ट उन्हाने विरला की राजश्री दुसरा आणोन लावते. त्या संध्याकाळी शेवंताबाईंनी चहा टाकिला, साखर बेताची घातली, आणि तो चहा पिणारा घरी आला. मोठमोठ्या राज्यांत याहून मोठा जय काय लिहावा?